नगरसेवकाकडून सुरक्षेसाठी नेमकं काय मागायचं? (रविवारी सोसायटीत येतोय)

नवी_हद्द

नमस्कार मंडळी, आमचा भाग २०२१ ला जी २३ गावं पुणे महापालिकेत आली त्यातला, कुठला ते मुद्दाम लिहीत नाही. चार वर्षं प्रशासक होता तेव्हा तक्रार करायची तर कुणाकडे हाच प्रश्न होता, आता जानेवारीत निवडणूक होऊन एक तरुण नगरसेवक आलाय आणि खरं सांगायचं तर पोरगा कामाचा आहे, फोन उचलतो. आल्या आल्या त्याने पोलिसांबरोबर मीटिंग लावली, मुलींसाठी कराटे शिबिर घेतलं, चौकात कॅमेरे बसवतो म्हणून जाहीर केलं.

मध्यंतरी आमच्या गल्लीत रात्री दीडच्या सुमारास पोरं कोयते घेऊन आली आणि रस्त्यावर लावलेल्या गाड्यांच्या काचा फोडत गेली. कुणाशी भांडण नाही काही नाही, नुसती दहशत. शेजारच्या काकांची रिक्षा होती, पुढची काच आणि मीटर दोन्ही गेलं. तेव्हापासून लोक नऊनंतर खाली उतरत नाहीत.

रविवारी तो सोसायटीच्या मीटिंगला येतोय. सेक्रेटरी म्हणतात कॅमेरे आणि रस्त्याच्या तोंडाला लोखंडी गेट मागू. मला वाटतं हायवेच्या सर्व्हिस रोडपासून आमच्यापर्यंतचा जो पट्टा आहे तिथले दिवे आधी मागावेत, निम्मे बंद आहेत. पण हे नगरसेवकाच्या हातात असतं का? का त्याला पण पोलिसांकडेच बोट दाखवावं लागतं?

पुणे_तीस

कॅमेरे मागा की, नक्की मिळतील. कॅमेऱ्याच्या खाली 'यांच्या प्रयत्नातून' असा फ्लेक्स लागतो ना, दिव्याखाली लावला तर कोण वाचणार :D

आमच्याकडे २०१७ च्या टर्मला बसवलेले कॅमेरे अजून खांबावर आहेत, त्यातल्या एकाच्या तोंडावर कबुतराने घरटं केलंय. डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवायचा डबा) एका दुकानाच्या पोटमाळ्यावर होता, दुकानदाराने दुकान विकलं, पुढे त्या डब्याचं काय झालं कुणालाच माहीत नाही.

वायरमन_रिटायर्ड

नवी_हद्द, तुमचं डोकं बरोबर दिशेने चाललंय. पोलीस राज्याच्या गृहखात्याखाली येतात, नगरसेवक त्यांना विनंती करू शकतो, हुकूम नाही देऊ शकत, गस्त किती वाजता फिरेल ते सिनियर पीआय (ठाण्याचे मुख्य निरीक्षक) ठरवणार. पण रस्त्यावरचे दिवे हे महापालिकेचं बंधनकारक काम आहे, महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, मेहेरबानी नाही. तिथे नगरसेवकाचं वजन चालतं.

मी आयुष्यभर हीच कामं केली (ठेकेदाराकडे, कुठल्या ते विचारू नका) म्हणून सांगतो, 'दिवे बंद आहेत' अशी तक्रार केली की ती मरते. आधी बघायचं एक आड एक बंद आहेत का सलग बंद आहेत. सलग पट्टा बंद असेल तर दिवे चांगले असतात, फीडर पिलरमध्ये (दिव्यांना वीज वाटणारी रस्त्याकडेची पेटी) लोचा असतो नाहीतर कुठल्यातरी खोदाईत केबल तुटलेली असते, आणि तुमच्या भागात खोदाई तर रोजचीच असणार. मग नवीन दिवे बसवून उपयोग शून्य. खांबावर नंबर रंगवलेला असतो तो टिपून घ्या, पुसला असेल तर समोरच्या दुकानाचं नाव लिहा.

दुसरं म्हणजे झाडं. दिवा चालू असतो पण फांद्यांच्या वर, सगळा उजेड पाखरांना. फांदी विद्युत खात्याने तोडायची नसते, उद्यान विभागाकडून छाटणी करून घ्यावी लागते, आणि ही दोन खाती एकमेकांची वाट बघत बसतात. अशा ठिकाणी नगरसेवकाने दोन्हीकडच्या माणसांना एकाच दिवशी जागेवर उभं केलं तर काम तासाभराचं असतं.

आणि सर्व्हिस रोड नक्की कोणाचा ते आधी काढा. मुंबई-बंगळूर हायवेचा असेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा विषय, तिथे महापालिका हात वर करते. आतला रस्ता बिल्डरने अजून महापालिकेच्या ताब्यात दिला नसेल तर तेही एक लफडं. समाविष्ट गावात हे फार असतं. रविवारी त्याला पहिला प्रश्न हाच विचारा, उत्तर आलं नाही तर समजा त्याने फाईल उघडलेलीच नाही.

रात्रपाळी

दिव्याबद्दल पूर्ण सहमत पण मला एक वेगळंच सांगायचंय. मी खराडीत आयटीत आहे, कॅब मेन रोडला सोडते आणि पुढे चालत यावं लागतं. आमच्या कोपऱ्यावर एक भुर्जीची गाडी होती, शेजारी पानटपरी, साडेबारा एकपर्यंत चार माणसं उभी असायची, भुर्जीवाले मामा ओळखीचे, 'आज उशीर झाला का ताई' एवढंच विचारायचे पण घरी जाईपर्यंत त्यांचं लक्ष असायचं. मग आमच्या नगरसेविका बाईंनी 'सुरक्षेसाठी' म्हणून अतिक्रमण कारवाई करून घेतली, गाडी गेली टपरी गेली. फुटपाथ मोकळा झाला हे खरं, पण आता त्या कोपऱ्यावर रात्री कुत्री सोडून कोणी नसतं आणि मला तिथून पळत यावंसं वाटतं. कॅमेरा आहे तिथे. कॅमेरा मला काही झाल्यावर बघणार ना.

टपरीवर टवाळ पोरं पण उभी राहतात हे मान्य, सगळ्याच टपऱ्या चांगल्या नसतात. पण कोणती हलवायची हे ठरवताना रात्री चालत येणाऱ्या बायकांना कोणी विचारतं का? तुमच्या रविवारच्या मीटिंगला किती बायका असणार आहेत? आणि कराटे शिबिर छानच आहे हो, पण अंधार घालवायचं काम आमच्याच अंगावर कशाला.

पुणे_तीस

+१ रात्रपाळी. आणि गेटचं डोक्यातून काढा, सार्वजनिक रस्त्याला गेट लावता येत नाही, उद्या ॲम्ब्युलन्स अडकली की सेक्रेटरी साहेब चावी शोधत फिरतील.

अजून एक, एका प्रभागात चार नगरसेवक (अ, ब, क, ड जागांचे) असतात हे विसरू नका. अ वाला म्हणतो तो पट्टा ब कडे आहे, ब म्हणतो मी निधी टाकला होता ड ने वळवला. रविवारी एकटा बोलावलाय तर चौघांच्या नावाने पत्र द्या, पोच घ्या.

बीटकोपरा

नगरसेवकांच्या ऑफिसात बसून अर्ज लिहिणारा माणूस आहे मी, कुठल्या पक्षाचा ते सोडा. वर जे लिहिलंय ते बहुतेक बरोबर आहे पण कॅमेरे अगदीच वाईट म्हणू नका. शहरातलं मोठं जाळं सरकारने जर्मन बेकरी (२०१०) आणि जंगली महाराज रोड (२०१२) च्या स्फोटांनंतर उभं केलं, आणि तपासात फुटेजच कामाला येतं. फक्त स यादीच्या (नगरसेवकाने सुचवलेल्या कामांच्या) निधीतून बसवताना तीन गोष्टी लिहून घ्यायच्या: देखभाल किती वर्षं आणि कोण करणार, रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, पोलीस ठाण्यात दिसणार का. देखभालीचा ठेका नसेल तर एका पावसाळ्यात खेळ खल्लास. आणि रात्री गाडीच्या हेडलाईटने नंबर प्लेट नुसती पांढरी दिसते, त्यामुळे नंबर वाचता येईल असा कॅमेरा मागा आणि बसवल्यावर रात्रीचं फुटेज दाखवा म्हणा, दिवसाचं सगळेच दाखवतात.

नगरसेवकाचं खरं हत्यार मुख्य सभेतला लेखी प्रश्न. 'या रस्त्यावर किती खांब, किती बंद, केव्हापासून, ठेकेदाराला दंड किती' असं लेखी विचारलं की प्रशासनाला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यायचं म्हणून का होईना कोणीतरी जाऊन खांब मोजतो. भाषणाला कोणी विचारत नाही.

पोलिसांचं म्हणाल तर काचा फुटल्या त्याची तक्रार किती जणांनी दिली? बहुतेक लोक इन्शुरन्सपुरतं बघतात नाहीतर 'कोण चौकीच्या फेऱ्या मारणार' म्हणून सोडतात. मग मीटिंगमध्ये साहेब म्हणतात तुमच्या भागात गुन्हेच नाहीत आणि गस्तीची मागणी तिथेच संपते. २०२४ ला आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, काळेपडळ, फुरसुंगी अशी सात नवीन ठाणी झाली तेव्हा बऱ्याच हद्दी बदलल्या, लोक अजून जुन्या ठाण्यात जातात. तुमचं कुठलं ते बघून घ्या. 'आमच्या हद्दीत नाही' म्हणून परत पाठवलं तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवणं) करता येते हे सांगा.

नवी_हद्द

भारी माहिती मिळाली, धन्यवाद सगळ्यांना. वायरमन काका, तुमचं वाचून खाली जाऊन बघितलं, बंद दिवे सलगच आहेत, आणि जिथून अंधार सुरू होतो तिथेच ड्रेनेजची खोदाई झाली होती!! तक्रार कोणीच दिलेली नाही, रिक्षावाल्या काकांनीसुद्धा नाही, आज त्यांना घेऊन जातो. रात्रपाळी, मीटिंगची वेळ सकाळी अकरा ठेवलीये, आमच्याकडे त्या वेळी बायका स्वयंपाकात असतात हे मला आत्ता लक्षात आलं, संध्याकाळी सहा करायला सांगतो सेक्रेटरींना.

एकच राहिलं, त्या पट्ट्याच्या तोंडाला वाईन शॉप आहे आणि लोक बाहेरच रस्त्यावर बसतात, ते पण नगरसेवकालाच सांगायचं का?

वायरमन_रिटायर्ड

त्या खोदाईजवळ कुठेतरी केबलचा जॉईंट उघडा असेल, पावसाच्या आधी बघायला लावा, शॉक लागतो. पत्रात 'धोकादायक' हा शब्द टाकाच.

बीटकोपरा

दुकानाचं लायसन राज्य उत्पादन शुल्क खात्याचं, नगरसेवकाचा तिथे संबंध नाही. रस्त्यावर बसून पितात ते मात्र पोलिसांचं काम, दिसलं की ११२ ला फोन करा, नोंद होते. एकट्याने नको, दहा घरांतून होऊ दे. दुकानच हलवायचं असेल तर वेगळा धागा काढा, तो विषय इथे मावणार नाही.