‘प्रोटीन कोरोना’: कवच, वलय की पुट?

प्रश्न: औषधवाहक बहुवारिक (पॉलिमरचे) नॅनोकण रक्तात शिरताच त्यांच्या पृष्ठभागावर प्रथिने चिकटतात. या थराला 2007 पासून ‘प्रोटीन कोरोना’ म्हणतात. मी ‘प्रथिनकवच’ असा शब्द योजला आहे. तो चालेल का?

उत्तर: ‘कवच’ मला पटत नाही. कवच अंगावर चढवायचे ते रक्षणासाठी. इथे मात्र हा थर पुष्कळदा कणाच्या नाशालाच कारण होतो. त्यात प्रतिपिंडे किंवा प्रतिकारयंत्रणेतील पूरक (कॉम्प्लिमेंट) प्रथिने असली, तर यकृतातील भक्षकपेशी कण ओळखून गिळतात आणि औषध इच्छित जागी पोहोचतच नाही. अशा प्रथिनांना ‘ऑप्सॉनिन’ म्हणतात. त्या नावाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ आपल्या ‘तोंडीलावण्या’च्या फार जवळचा आहे, आणि कवचाशी त्याचे मुळीच जुळत नाही. ‘वलय’ निरुपद्रवी आहे, पण वलय म्हटले की मधे मोकळी जागा असलेले कडे डोळ्यांपुढे येते.

मी ‘पुट’ सुचवीन. आरशावर धुळीची पुटे चढतात, ती कोणी मुद्दाम चढवीत नाही. प्रथिनांचेही तसेच आहे. शिवाय पुटावर पुट चढते, म्हणून कणाला घट्ट धरून राहणारे ते ‘घट्ट पुट’ आणि सतत येजा करणाऱ्या प्रथिनांचे ते ‘सैल पुट’ असा भेद सहज करता येतो. आधी अल्ब्युमिनसारखी विपुल प्रथिने बसतात आणि पुढे अधिक ओढ असलेली प्रथिने त्यांची जागा घेतात, ही अदलाबदल ‘कवच’ शब्दात मावणार नाही.

प्रश्न: भस्म करताना वैद्य ‘पुट देतात’, म्हणजे द्रव्य बंद पात्रात भाजतात. घोटाळा होणार नाही का?

उत्तर: शंका रास्त आहे, परंतु क्रियापदाने अर्थ वेगळा राहतो: तिथे पुट देतात, इथे पुट चढते. हाच भेद शास्त्रातही उपयोगी पडतो. पॉलिब्यूटिलसायनोअॅक्रिलेट या बहुवारिकाच्या कणांना पॉलिसॉर्बेट 80 या साबणासारख्या द्रव्याचा लेप दिला, तर रक्तातील अॅपोलिपोप्रोटीन ई हे मेदवाहक प्रथिन त्यांवर बसते आणि त्याच्या आधाराने प्राण्यांवरील प्रयोगांत हे कण मेंदूपर्यंत औषध नेऊ शकले. इथे लेप माणसाने दिलेला आहे आणि पुट रक्ताने चढवलेले आहे. दोहोंना ‘आवरण’ म्हणून मोकळे झालो, तर नेमकी महत्त्वाची गोष्टच वाचकाच्या हातून निसटेल.