मदत हवी आहे: वार्धक्याच्या निळ्या चाचणीत तरुण पेशीही निळ्या होताहेत

पेशीपुराण:
नमस्कार. मानवी त्वचेच्या फायब्रोब्लास्टवर (संयोजी ऊतकातल्या पेशी) बीटा-गॅलॅक्टोसायडेज या एन्झाइमची चाचणी लावली आहे; तिच्यात म्हाताऱ्या, विभाजन थांबलेल्या (सेनेसन्ट) पेशी निळ्या दिसतात. ६व्या पॅसेजच्या (पॅसेज म्हणजे पेशी वाटून नव्या प्लेटमध्ये लावण्याची फेरी) पेशी तरुण आणि २४व्याच्या म्हाताऱ्या धरल्या. तरुणांत १००पैकी ३५ निळ्या येतात, म्हाताऱ्यांत ७०.

पद्धत: सहा वेलची (खळग्यांची) प्लेट. २% फॉर्मल्डिहाइड आणि ०.२% ग्लुटराल्डिहाइडमध्ये ५ मिनिटं फिक्स (पेशी आहे तशा स्थिर करणं), पीबीएसने (फॉस्फेटचं खारट बफर) दोनदा धुणं, मग पीएच ६.०चं एक्स-गॅलचं (एन्झाइमने तोडल्यावर निळं होणारं रसायन) द्रावण आणि रात्रभर ३७ अंशांवर नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये. सकाळी वेलच्या तळाशी सुयांसारखे निळे स्फटिकही दिसतात. फिक्सिंग जास्त होतंय का?

सायटोप्लाझम:
फिक्सिंग नाही. ते जास्त झालं तर एन्झाइम मरतं आणि निळा रंग कमी येतो, तुमचं उलट आहे. (३ ते ५ मिनिटांपुढे जाऊ नका, हे मात्र खरंच.)

'नेहमीचा इन्क्युबेटर' म्हणजे ५% कार्बन डायऑक्साइडचा ना? मग घोटाळा तिथेच. वायू द्रावणात विरघळतो, पीएच उतरतो. हे एन्झाइम लायसोसोममधलं (पेशीतली पचनाची पिशवी), त्याचा आवडता पीएच ४च्या आसपास, आणि ते प्रत्येक जिवंत पेशीत असतं. पीएच ४ला चाचणी लावली तर सगळीच प्लेट निळी होईल. ६ला त्याचा जोर बराच कमी पडतो, म्हणून ज्या पेशीत ते खूप साठलंय तीच डोळ्यांना दिसते. चाचणी १९९५ची, त्यामागे जीएलबी१ या जनुकाचंच साधं लायसोसोमी एन्झाइम आहे, हे २००६मध्ये दाखवलं गेलं. म्हातारपणाचं वेगळं एन्झाइम असं काही नाही, फरक फक्त प्रमाणाचा. त्यामुळे पीएच थोडा जरी घसरला तरी तरुण आणि म्हाताऱ्या पेशींतलं अंतर पुसलं जातं.

वायू नसलेला कोरडा इन्क्युबेटर वापरा. प्लेटच्या कडेला पॅराफिल्म, वरून फॉइल; नाहीतर कडेच्या वेल सुकतात.

१० मिलिलिटर द्रावणाचा हिशोब:
सायट्रिक आम्ल-फॉस्फेट बफर, पीएच ६.० (०.१ मोलर सायट्रिक आम्ल ३६.८५ मिलि + ०.२ मोलर डायसोडियम फॉस्फेट ६३.१५ मिलि): २ मिलि
१०० मिलिमोलर पोटॅशियम फेरोसायनाइड: ०.५ मिलि
१०० मिलिमोलर पोटॅशियम फेरिसायनाइड: ०.५ मिलि
५ मोलर मीठ: ०.३ मिलि
१ मोलर मॅग्नेशियम क्लोराइड: २० मायक्रोलिटर
एक्स-गॅल, २० मिग्रॅ प्रति मिलि: ०.५ मिलि
पाणी: ६.१८ मिलि

एका वेलला दीड मिलि घातलं की सहाही वेल निघतात. पीएच बफरच्या बाटलीचा नको, सगळं मिसळल्यावरचा मोजा.

स्फटिक येतात ते गार द्रावणात एक्स-गॅल ओतल्यामुळे. बाकी सगळं ३७ अंशांवर आणा, एक्स-गॅल सर्वांत शेवटी घाला आणि लगेच गाळून वापरा. स्टॉक डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये असेल तर पॉलिस्टायरीनच्या नळीत ठेवू नका, नळीच विरघळते.

चौथा_पॅसेज:
वरच्याशी सहमत, पण ३५ टक्के एकट्या पीएचचे नसावेत. रंगवताना तरुणांची प्लेट किती भरलेली होती? गच्च भरलेल्या किंवा मिडियममधलं सीरम काढून घेतलेल्या पेशी नुसत्या थांबलेल्या असल्या तरी निळ्या होतात. तरुण पेशी भराभर वाढतात, म्हणून दोन्ही प्लेट एकाच दिवशी सारख्या पेरल्या तरी तरुणांचीच आधी भरते. दोन दिवस आधी एका वेलला ३० ते ५० हजार पेरा (क्षेत्रफळ साधारण ९.५ चौरस सेंमी) आणि ५०-६० टक्के भरलेली असतानाच रंगवा.

दुसरं, पॅसेज म्हणजे वय नव्हे. १:२ वाटल्या तर एका पॅसेजला एक दुप्पट, १:८ वाटल्या तर तीन. तुमचा २४वा पॅसेज २४ दुपटींचा असेल किंवा ७२चाही. हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१मध्ये जी मर्यादा मांडली (साधारण ५०), ती दुपटींचीच. सूत्र: ३.३२ × (शेवटच्या संख्येचा लॉग − सुरुवातीच्या संख्येचा लॉग). २ लाख पेरून १६ लाख काढल्या तर ३ दुपटी. वहीत दर वेळी बेरीज लिहीत जा, मागाहून ती काढता येत नाही.

पेशीपुराण:
दोघांचेही आभार. वायू बंद, घनता सारखी: तरुणांत ६, म्हाताऱ्यांत ५८. आता प्रश्न असा की उरलेल्या ४२ तरुण म्हणायच्या का? आणि 'पेशी सेनेसन्ट आहेत' असं लिहायला एवढं पुरेल का?

सायटोप्लाझम:
दोन्हींना नाही. मॅक्रोफेजही (रोगप्रतिकारक भक्षक पेशी) निळे होतात, म्हणून नुसता रंग म्हणजे पुरावा नव्हे. समांतर वेलमध्ये ईडीयू (नव्याने बनणाऱ्या डीएनएत शिरणारं रसायन) २४ ते ४८ तास द्या. विभाजन खरंच थांबलंय का ते त्यातून कळतं. सोबत पी२१, पी१६ (विभाजन रोखणारी प्रथिनं) आणि लॅमिन बी१ची (केंद्रकाच्या अस्तराचं प्रथिन) घट बघा. पी१६वर एकट्यावर विसंबू नका, बीजे या मानवी फायब्रोब्लास्टच्या वाणात ते कमीच असतं. आयएल-६ (पेशी बाहेर सोडतात ते दाहाचं संदेश-प्रथिन) मिडियममध्ये मोजलं तर आकडा पेशींच्या संख्येने भागा, कारण म्हाताऱ्या वेलमध्ये पेशी कमी आणि आकाराने मोठ्या असतात.

खात्रीचा निळा नमुना हवा असेल तर तरुण पेशींना १० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) क्ष-किरण देऊन १० दिवस थांबा. दुसऱ्याच दिवशी रंगवलं तर डीएनएची इजा सापडेल, सेनेसन्स नाही. शेजारी किरण न दिलेली प्लेट ठेवाच.

चौथा_पॅसेज:
इम्युनोफ्लुरोसन्सला (चमकत्या अँटिबॉडीने प्रथिनं दाखवणं) जाणार असाल तर एक सापळा आहे. म्हाताऱ्या पेशींत लिपोफ्युसिन (वयाबरोबर साठणारं रंगद्रव्य) साठतं आणि ते आपोआप चमकतं, हिरव्या चॅनेलमध्ये तर चांगलंच. गॅमा-एच२एएक्सचे (डीएनएच्या इजेची खूण) ठिपके लांबच्या लाल रंगात घ्या आणि फक्त दुय्यम (पहिलीला चिकटणाऱ्या, चमकत्या) अँटिबॉडीची वेल ठेवा.

मोजताना किमान २०० पेशी, आणि मोजणाऱ्याला प्लेट कोणती ते कळू द्यायचं नाही. दाणेदार निळा केंद्रकाभोवती असेल तरच ती पेशी धरा. दोन्ही प्लेटचा रंग एकाच तासाला थांबवा. २४ तास ठेवलं तर तरुणही हळूहळू निळ्या होत जातात. त्याच दिवशी मोजणं जमलं नाही तर धुवून ७०% ग्लिसरॉल घाला आणि प्लेट ४ अंशांवर ठेवा.