घोडी हिप्परग्याच्या रस्त्याला अडते, ४० किमीची तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी, अकलूजच्या बाजारातनं आणलेली ७ वर्षांची घोडी आहे, ४० किमीच्या एन्ड्युरन्स राइडसाठी (लांब पल्ल्याची घोडेस्वारीची स्पर्धा) तयार करतोय पण हिप्परगा तलावाच्या बाजूला निघालो की दोन किमीवर पाय रोवून उभी राहते, कान मागं, आणि घराकडं तोंड वळवलं की सुसाट. मारायचं जिवावर येतं. माझी पण कंबर तासाभरात धरते. काय करू?

उत्तर १
मारत नाही हे लई चांगलं. आधी दुखणं शोधा, नाल, दात, पाठ. रपेटीनंतर खोगीर काढून घामाचा डाग बघा, मधेच कोरडा ठिपका दिसला तर तिथं दाब पडतोय. माझ्या घोड्याचं हेच होतं, आम्ही उगाच त्याला हट्टी म्हणत होतो.

उत्तर २
पाठ ठीक असेल तर सोबत एक शांत घोडा घ्या, आणि ती अडायच्या अलीकडंच उतरून लगाम धरून चालत जा, तुमची कंबरही सुटेल. दोन महिने नुसती चाल आणि हलकी दुडकी, कारण दम लवकर वाढतो पण कंडरा आणि हाडं तयार व्हायला महिने लागतात. नाडी मोजायला शिका, डाव्या कोपरामागं स्टेथोस्कोप लावून १५ सेकंद मोजा, गुणिले ४. बऱ्याच राइडमध्ये तपासणीच्या थांब्यावर नाडी मिनिटाला ६४ पर्यंत उतरावी लागते. आपल्याकडच्या उन्हात पहाटेच निघा बरं का.

प्रश्नकर्ता
आत्ताच बघितलं, डाव्या खांद्यामागं तळहाताएवढा कोरडा ठिपका आहे. बिचारी सांगत होती. खोगीर उद्याच दाखवतो.