'जलावतरण' जहाजाचं की विमानाचं?

पैलतीर: आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी पाण्यावरच्या छोट्या विमानांच्या अपघातांवर लिहिते आहे. इथे व्हँकूव्हरच्या बंदरात ती दिवसभर ये-जा करतात. खाली दोन लांबट फ्लोट असतात, काहींच्या फ्लोटमध्ये चाकंही. पाण्यावर उतरताना चाकं चुकून खाली राहिली, तर ती पाण्यात रुततात आणि विमान नाकावर उलटतं. मी लिहिलं, 'जलावतरणाच्या वेळी चाके वर घेतलेली हवीत.' बाबा आयुष्यभर गोदीत होते. म्हणाले, "जलावतरण जहाजाचं असतं गं, नवं जहाज पहिल्यांदा पाण्यात सोडतात तेव्हाचं." मग काय लिहू?

गोदीकर: बाबांचं बरोबर आहे. युद्धनौकांच्या बातम्यांत हाच अर्थ आहे. सरळ 'पाण्यावर उतरताना' लिहा.

धातुपाठ: 'उतरणे' मुळात पाण्याचाच शब्द. उत् + तॄ, म्हणजे पाणी ओलांडून बाहेर येणे. म्हणून नदीला उतार आणि नावेत उतारू. विमानाने तो नंतर उचलला. 'अवतरण'ही त्याच तॄ धातूचं, 'तीर्थ'सुद्धा. तेव्हा जलावतरण अर्थाने चूक नाही. संदर्भावरून कळेल.

गोदीकर: सुरक्षेच्या सूचनेत वाचकाने संदर्भ शोधत बसायचं का? उलटलेल्या विमानातल्या माणसाला काही सेकंदच मिळतात.

रेवदंडा: डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीवर प्रात्यक्षिक झालं, तेव्हा सगळे 'सी-प्लेन'च म्हणत होते. आमच्या शेजारच्या आजी 'पान्यावरचं इमान' म्हणायच्या. मला तो शब्द जलविमानापेक्षा जिवंत वाटतो.

धातुपाठ: 'महापौर'ही एकेकाळी कोणाच्या तोंडी नव्हता. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाहीत.

पैलतीर: दुसरी अडचण. वारा अजिबात नसला की पाणी आरशासारखं होतं. ते प्रवाशाला सुंदर दिसतं, पण वैमानिकाला त्यावरून आपली उंची कळत नाही. पाणी अजून खाली आहे असं वाटत असतानाच विमान आदळतं. म्हणून तो नाक किंचित वर धरून, इंजिनाची थोडी ताकद ठेवून, पाणी लागेपर्यंत अगदी हळू खाली येतो. शक्यतो काठाजवळ, म्हणजे नजरेला आधार मिळतो. अशा पाण्याला काय म्हणायचं? मी 'निवळशंख' लिहिलंय.

रेवदंडा: नको! निवळशंख म्हणजे तळ दिसेल असं. गढूळ तळंही आरसा होऊ शकतं.

धातुपाठ: निस्तरंग.

गोदीकर: 'संथ' का नको?

रेवदंडा: संथ नदीही वाहत असते, तिच्यावर बारीक लाटा असतात. इथे हालचालच नाही. आमच्याकडे 'वारा पडलाय' एवढं म्हटलं की पाणी कसं असेल ते कळतं.

पैलतीर: 'वारा पडलेला असताना' आवडलं. आणि 'कलंडलं' की 'पालथं झालं'?

गोदीकर: होडी कुशीवर कलंडते. हे विमान नाकावरून पुढे उलटतं, म्हणून पालथं.

पैलतीर: पालथंच ठेवते. कारण पुढचा मजकूर त्यावरच आहे: दार वाकून अडकतं, आत पाणी भरतं, वर-खाली कळत नाही. २००९ मध्ये सॅटर्ना बेटाजवळ 'बीव्हर' जातीचं असंच एक छोटं विमान उड्डाणानंतर लगेच पाण्यात पडलं. आठांपैकी सहा जण दगावले, बुडून. त्यानंतर कॅनडाच्या अपघात तपास मंडळाने झटकन निघणाऱ्या दारा-खिडक्यांची शिफारस केली. जीवरक्षक जाकीट विमानाबाहेर पडल्यावरच फुगवायचं, आत फुगवलं तर माणूस वर तरंगून अडकतो. हे वाक्य कोणालाही पहिल्या वाचनात कळायलाच हवं.

रेवदंडा: मग 'फुगवायचं' असंच ठेवा, 'फुगवावे' करू नका.

धातुपाठ: फ्लोटला मात्र 'तरांडे' घ्या. जुना शब्द आहे, तोही तॄपासूनच.

गोदीकर: तरांडे म्हणजे अख्खं जहाज, हो! त्याला विमानाखाली कसं बांधणार?

धातुपाठ: अर्थ सरकतात. 'उतरणे' नाही का सरकला?