डिझेलच्या टाकीत पेट्रोल: तुमच्याकडचे अनुभव सांगा

यवतमाळकर

सोयाबीन निघालं, मळणीयंत्रं रस्त्यावर आली आणि आमच्या तालुक्याच्या गॅरेजमध्ये दरवर्षीची ती गाडी यंदाही येऊन उभी राहिली. गाडी डिझेलची, टाकीत पेट्रोल. आपल्याकडे पंप एका गावाला, मिस्त्री दुसऱ्या गावाला आणि मधल्या रस्त्यावर फुकट सल्ला देणारे पायलीचे पन्नास. "काही होत नाही बे, चालव" हा त्यातला सगळ्यात महागात पडणारा. तुमच्या डोळ्यांसमोर काय झालं, कोणी काय केलं, गाडी वाचली की नाही, ते लिहा. पंपाचं नाव नको, माणसाचं नाव नको.

संत्रावाला, वरुड

आंबिया बहाराचा माल निघतो तेव्हा आमच्याकडे पिकअपला उसंत नसते. शेजारच्या बागवानाची गाडी, ड्रायव्हर रात्रभर जागलेला. पंपावर तो स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला आणि क्लीनर पोट्ट्यानं नुसतं "दोन हजारांचं टाक" म्हटलं. कशाचं, ते नाही सांगितलं. टाकणाऱ्यानंही नाही विचारलं.

गाडी पंपावरून मस्त निघाली. पाइपात आणि फिल्टरमध्ये आधीचं डिझेल असतं, तेवढं जळेपर्यंत काही कळत नाही. पुढे चढाला गाडीचा जोर गेला, इंजिन टकटक वाजायला लागलं, मागून पांढरा धूर. ड्रायव्हरला वाटलं कचरा आला. बंद पडली की सेल मार, बंद पडली की सेल मार, असं करत त्यानं ती ढाब्यापर्यंत रेटली. गॅरेजमध्ये खोललं तर इंजिनाला दाबानं डिझेल देणाऱ्या हायप्रेशर पंपाचा चुरा पार रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, आणि इंजेक्टरांत. त्या हंगामाचं भाडं त्यातच गेलं.

पावती पूर्ण वेळ डॅशबोर्डवर पडली होती. तिच्यावर एमएस छापलेलं, म्हणजे मोटर स्पिरिट, पेट्रोल. डिझेल असतं तर एचएसडी आलं असतं. शिवाय दोन हजारांत नेहमीपेक्षा लिटरही कमी बसले होते.

जुना जीपवाला, मूर्तिजापूर

पोरं उगाच घाबरतात. आमच्या जीपमध्ये अर्धं रॉकेल जायचं, कधी पेट्रोलही पडायचं. थोडा आवाज करायची, मग चालायची. वरून डिझेल भरलं की झालं.

मिस्त्री, कारंजा लाड

काका, तुमचं खरं आहे, पण ते तुमच्या जीपपुरतं. हे जरा सविस्तर लिहितो, कारण गाड्या मरतात त्या याच गैरसमजानं.

पेट्रोल इंजिनात ठिणगी प्लग देतो. डिझेलमध्ये प्लगची ठिणगी नसते, हवा दाबून इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. पेट्रोल मुद्दाम असं बनवलेलं असतं की दाबानं लवकर पेटू नये. म्हणून ते डिझेल इंजिनात उशिरा आणि एकदम पेटतं, त्याची ती टकटक. बरंचसं तर न जळताच धूर होऊन जातं.

पण खरा घात वंगणाचा. डिझेल अंगानं तेलकट. नव्या गाडीत हायप्रेशर पंपाला आणि इंजेक्टरला वेगळं ऑइल नाही, डिझेलच त्यांचं ऑइल. पेट्रोल ते धुऊन काढतं. मग हजार बारच्या वरच्या दाबावर लोखंडावर लोखंड घासतं. जुन्या गाड्यांत आणि बऱ्याच ट्रॅक्टरांत एका ओळीतला मायको पंप असायचा, त्याचा कॅमशाफ्ट ऑइलमध्ये फिरायचा आणि दाबही कमी. तो सहन करून जायचा. रोटरी पंप मात्र जुना असला तरी डिझेलवरच ओला राहतो, तिथेही खेळू नका. गाडीच्या धुराचा बीएस-४ नियम देशभर २०१७ ला लागला, बीएस-६ २०२० ला. त्यानंतरची डिझेल गाडी म्हणजे कॉमन रेलच, त्या जास्त दाबाच्या पंपाचीच, धरून चाला.

आणि एक. "रात्रभर उभी ठेव, पेट्रोल वर तरंगते, खालून डिझेल काढून घे" असं सांगणारे दर गावात आहेत. तेल-पाण्यासारखं ते होत नाही. पेट्रोल-डिझेल एकमेकांत पूर्ण मिसळतात, आठवडाभर ठेवलं तरी वेगळे होत नाहीत.

शेतकरीण, दर्यापूर

आमच्याकडे पंपावर नाही, घरातच झालं. फवारणीच्या पंपाला पेट्रोल लागतं, ट्रॅक्टरला डिझेल, आणि दोन्ही आणायच्या कॅन त्याच, तणनाशकाच्या धुतलेल्या, पांढऱ्या. गड्यानं अंधारात पेट्रोलची कॅन ट्रॅक्टरमध्ये ओतली. सासऱ्यांना वासावरून कळलं, ते तिथूनच ओरडले, "चाबी फिरवजो नोको!"

ट्रॅक्टर जुना होता आणि चालू केला नव्हता. टाकीच्या खालचा बोल्ट काढून सगळं रिकामं केलं, थोडं डिझेल टाकून टाकी खंगाळली, फिल्टर बदलला, भरून एअर काढली. तो गडी घाबरून दोन दिवस आलाच नाही, हे नुकसान जास्त झालं कारण फवारणी खोळंबली.

आता डिझेल वीस लिटरच्या काळ्या कॅनमध्ये आणि पेट्रोल पाच लिटरच्या लाल डब्यात. डबा गोठ्यात नाही, कुलपात. अक्षरं लिहून उपयोग नाही, अंधारात कोण वाचतं? हाताला आकार वेगळा लागला पाहिजे.

पंपावरचा, वाशीम जिल्हा

आमच्या बाजूनं सांगतो, शिव्या कमी द्या. डिझेलच्या गाडीत पेट्रोल सहज जातं कारण पेट्रोलचं नोझल बारीक आणि डिझेल टाकीचं तोंड मोठं. उलटं करायला गेलं तर बहुतेक वेळा नोझलच अडतं.

दुसरं, गाडी पाहून कळत नाही. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. आता नवा पोरगा स्विफ्ट पाहिली की पेट्रोलच धरतो, पण खेड्यात डिझेलच्या जुन्या स्विफ्ट भरपूर फिरतात. छोटा हत्तीही दोन्हींत येतो. झाकणावर लिहिलेलं असतं ते अर्ध्या गाड्यांवरचं खरवडून गेलेलं.

गिऱ्हाइकानं काच खाली करून "डिझेल" एवढा एक शब्द बोलावा आणि नोझल लागताना मीटरकडे पाहावं. झिरो पाहा म्हणतो आम्ही, झिरोसोबत कोणत्या तेलाचा झिरो तेही पाहा.

मास्तर, धारणी

मेळघाटात गाडी अडकली तर परतवाडा गाठायला सेमाडोहचा घाट आहे, आणि वाटेत फोन लागेल याची खात्री नाही. आमच्या एका सहकाऱ्याच्या गाडीत चार-पाच लिटर पेट्रोल गेलं आणि टाकणाऱ्याच्याच लक्षात आलं. तो प्रामाणिक, लगेच सांगितलं. गाडी न्यूट्रल करून चौघांनी बाजूला ढकलली. सरांचा हात सवयीनं चाबीकडे गेला, गाडी ढकलायला आलेल्या ट्रकवाल्यानं तो धरला. बऱ्याच गाड्यांत नुसती चाबी ऑन केली तरी टाकीतला पंप फिरतो आणि पेट्रोल पुढे जातं. हे आम्हाला, सगळ्या बी.एड. झालेल्यांना, माहीत नव्हतं.

मिस्त्री धारणीतूनच आला, टाकी उपसली, फिल्टर बदलला, संध्याकाळी गाडी घरी. खर्च फिल्टरचा, मजुरीचा आणि वाया गेलेल्या तेलाचा.

ट्रकवाला, हिंगणघाट

माझा वेगळा प्रकार पण जवळचा. बीएस-६ ट्रकला धूर साफ करणाऱ्या युरियाची वेगळी टाकी असते, निळ्या झाकणाची. आम्ही ड्रायव्हर लोक युरियाच म्हणतो, बादलीवर डीईएफ लिहिलेलं असतं. पाण्यात साडेबत्तीस टक्के युरिया. नव्या ड्रायव्हरनं डिझेलच्या टाकीत ते ओतलं. पेट्रोलपेक्षा हे वाईट. पाणी खाली बसतं, सगळ्यात आधी तेच ओढलं जातं, आणि वाळलं की खडे होतात. टाकी, पाइप, सगळं धुवावं लागलं.

(एकानं मला खरंच विचारलं होतं, शेतातला युरिया पाण्यात कालवून चालते काय? नाही चालत भाऊ, तो कपाशीलाच टाका.)

शेतकरीण, दर्यापूर

मिस्त्री, उपसलेल्या तेलाचं काय करायचं ते सांगाल का? आमचं अजून ड्रममध्ये पडून आहे. दीर म्हणतात चुलीला होईल.

मिस्त्री, कारंजा लाड

ताई, चुलीजवळ नेऊच नका, कंदील-स्टोव्हलाही नाही. डिझेलवर काडी टाकली तर ती सहसा विझते, पण त्यात थोडं पेट्रोल असलं तरी थंडीतसुद्धा वाफ होते आणि वाफ भडकते. उन्हात ठेवून पेट्रोल उडवायचं हेही काही जण करतात, तो तर आगीला आवतन देण्याचा धंदा. नाल्यात, विहिरीजवळ ओतू नका. झाकण घट्ट लावून घरापासून दूर सावलीत ठेवा आणि तालुक्याला येताना पंपावर किंवा मोठ्या गॅरेजला विचारा, जळकं ऑइल नेणारे लोक त्यांच्याकडे येतात.

संत्रावाला, वरुड

विम्याचं कोणी विचारण्याआधी लिहून ठेवतो. शेजाऱ्याला दमडी मिळाली नाही. साध्या पॉलिसीत अपघात बसतो, यांत्रिक बिघाड बसत नाही. रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर काहींमध्ये चुकीचं इंधन काढून देणं किंवा टोइंग असतं. कागद काढून आजच पाहा, घाटात उभे असताना तो पीडीएफ उघडत नाही.