जुन्या पिकअपचा रेडिएटर सपोर्ट नव्याने बनवायचाय: पत्रा कोणता, मापं कशी धरायची?

गंजका_पत्रा
साठच्या दशकातली अमेरिकी पिकअप आहे, चॅसी वेगळी आणि बॉडी वेगळी. रेडिएटर सपोर्टच्या (रेडिएटर धरणारी पुढची चौकट) खालच्या आडव्या चॅनलची (U आकाराची पट्टी) गंजून चाळण झालीये, बॅटरी ट्रेखालचा उजवा खांबही गेलाय. वरची पट्टी आणि डावा खांब ठणठणीत. तयार पार्ट मिळत नाही, त्यामुळे हे दोन तुकडे घडवायचे आहेत.

चॅनल बाहेरून 60 मिमी रुंद, बाजू 40-40. म्हणून 140 मिमीची पट्टी कापून दोन्ही कडांपासून 40 वर वाकवली, तर रुंदी 62-63 आणि बाजू 41 च्या पुढे जातायत. वाकवायचं मशीन खराब आहे का? आणि जाडी किती घ्यावी?

वाकडा_गुण्या
मशीन ठीक आहे, हिशोब चुकलाय. वाकवताना पत्र्याची बाहेरची बाजू ताणली जाते, त्यामुळे बाहेरच्या मापांची नुसती बेरीज केली की पट्टी नेहमी जास्तच होते. 1.5 मिमी पत्रा आणि आतली त्रिज्याही 1.5 असेल तर 90 अंशाच्या प्रत्येक वाकाला साधारण 2.65 मिमी वजा करा. तुमचे वाक दोन, म्हणजे पट्टी 134.7. वाकाच्या रेघा कडांपासून 38.7 वर, मधे 57.3 उरतात. तुमच्या मशीनच्या जिभेची (जिच्याभोवती पत्रा वाकतो ती कड) त्रिज्या वेगळी असेल तर आकडाही बदलेल. आधी त्याच पत्र्याची 100 मिमीची चिंधी मधोमध वाकवून दोन्ही पाय बाहेरून मोजा. बेरीज 100 च्या वर जितकी जाईल तितकं एका वाकाला वजा.

जाडी: खांबाला 1.5, खालच्या चॅनलला 2 मिमी सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा. रेडिएटरचं वजन तिथेच बसतं. 2 मिमीसाठी वजावट पुन्हा काढा, वरचे आकडे तिथे चालणार नाहीत. 3 मिमी घालून ‘मजबूत’ करायच्या फंदात पडू नका. पातळ जुन्या पट्टीला जाड पत्रा जोडला की सांध्याशेजारी पातळच फाटतो.

ओळंबा
पत्र्याआधी मापं. ग्राइंडर हातात घेण्यापूर्वी हे उरकून घ्या, नंतर उपाय नाही.

चॅसीवरचे सपोर्टचे दोन रबर बुश आधी नवे टाका. जुने रबर दबून चपटे झालेले असतात. त्यांच्यावर उंची मोजून चॅनल केला आणि शेवटी नवे बसवले, की अख्खं नाक वर उचललं जातं आणि बॉनेटची मागची फट बिघडते. बुशच्या वरच्या-खालच्या रबरांमधली लोखंडी नळी हरवली असेल तर त्याच लांबीची करून घ्या. बोल्ट नळीवर आवळला जायला हवा. नळीविना आवळला तर रबर पिळून बाहेर येतं आणि सपोर्ट खाली बसतो.

मग दोन्ही मडगार्ड, बॉनेट, ग्रिल चढवून फटी जुळवा, आणि त्याच स्थितीत दोन खांबांमधे 25 मिमीचा चौकोनी पाइप वर एक, खाली एक आणि एक तिरका टॅक करा (वेल्डचे ठिपके मारून तात्पुरता जोडा). उजव्या खांबाला टॅक मारून उपयोग नाही, तो जाणार आहे. त्या बाजूचं टोक मडगार्डच्या बोल्टच्या भोकातून पट्टी घेऊन धरा. कर्ण मोजताना कडा धरू नका, गंजलेली कड दर ठिकाणी वेगळी असते. भोकांचे मध्य धरा. दोन कर्णांत 2 मिमीपेक्षा जास्त फरक नको. मूळ सपोर्ट दोन्ही बाजूंनी सारखा नसेल तर मात्र कर्ण जुळवत बसू नका, कापण्याआधी नोंदवलेले आकडेच प्रमाण.

गंजका_पत्रा
हिशोब कळला, 134.7 ला चॅनल बरोबर उतरला. 2 मिमीची चिंधी करून बघतो. वेल्डिंगचं सांगा. सांध्यांत रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) मारून मग मिग (तारेचं वेल्डिंग) मारलं तर चालेल? जीआय (जस्त चढवलेला) पत्रा वापरला तर गंजाचा प्रश्नच मिटेल ना?

ठिणगी
दोन्ही नको. रेड ऑक्साइड जळून वेल्डला सच्छिद्र करतो. एकमेकांवर बसणाऱ्या पृष्ठभागांवर फक्त जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्यावरून वेल्ड करता येतं), तोही खाली सांगितलेल्या वेल्डच्या भोकांच्या आतून खरवडून. जीआयचा जस्त वेल्डच्या जागी तसाही जळतो, वर त्याचा धूर फुप्फुसांना वाईट.

वरच्या पत्र्यात 8 मिमीची भोकं, 40 मिमी अंतरावर; ती वेल्डने भरून दोन्ही पत्रे जोडायचे. 0.8 ची तार. आर्क भोकाच्या मध्यावर, खालच्या पत्र्यावर पेटवा आणि गोल फिरवत काठाकडे या. काठावरून सुरुवात केली तर वरून वेल्डची टिकली छान दिसते पण खाली पकडच नसते. दोन चिंध्या जोडून छिन्नीने उकला: खालच्या पत्र्याचा लचका तुटून आला तर वेल्ड खरा, टिकली सुटून आली तर करंट वाढवा.

एका टोकाकडून ओळीने मारत गेलात तर चॅनल धनुष्यासारखा वाकतो. मधे एक, मग टोकं, मग उरलेले आलटून पालटून. हात लावण्याइतकं थंड झाल्याशिवाय शेजारचा नाही. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा.

वाकडा_गुण्या
+1. दोन गोष्टी राहिल्या. एक, अमेरिकी गाडी असल्याने तिथले नट इंची आट्यांचे असतात. 5/16 च्या नटात एम8 बोल्ट दोन-तीन फेरे जातो आणि मग अडकतो, जोर लावला की नट त्याला धरणाऱ्या पिंजऱ्यासकट सुटतो. नवीन खांबात जुन्याच मापाचे नट टाका. दोन, चॅनलच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निघायला 10 मिमीची किमान दोन भोकं. मूळ चॅनल सडतो तो बहुतेकदा ती भोकं चिखलाने बुजल्यामुळेच. रंगानंतर आत पोकळीचं (गंज रोखणारं) मेण फवारा.

ओळंबा
रेडिएटर चॅनलला थेट बोल्टने आवळू नका, रबरावर बसवा. खराब रस्त्यावर चॅसी पिळते, आणि तो पीळ थेट रेडिएटरच्या टाकीच्या डाखाच्या सांध्यांवर आला की तिथूनच गळती सुरू होते. पंखा इंजिनवर चालणारा असेल तर पात्यापासून रेडिएटरच्या जाळीपर्यंत किमान 20-25 मिमी ठेवा, जोरात ब्रेक दाबल्यावर इंजिन पुढे सरकतं. रेडिएटरची भोकं आडवी लांबट ठेवा, शेवटची जुळवाजुळव तिथेच होते. टॅक केलेले चौकोनी पाइप मात्र बॉनेट पुन्हा चढवून फटी तपासल्यावरच कापा.