रिटायर होताना आपल्या कामाबद्दल लिहायचं तरी काय?

चावीवाला_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. मी पाणीपुरवठ्यात चावीवाला आहे. म्हणजे पहाटे रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण उचलून लांब लोखंडी चावीनं व्हॉल्व्ह फिरवतो तो माणूस. महिनाअखेरीला रिटायर होतोय. ऑफिसात निरोपाचा कार्यक्रम ठेवलाय आणि साहेब म्हणाले, "तुमच्या कामाचा लोकांना काय उपयोग झाला ते चार ओळीत लिहून द्या, मी वाचून दाखवतो." कागद घेऊन बसलोय, पण काय सुचंना झालंय.

आमच्याकडं माणूस येतो तो पाणी आलं नाही म्हणून. आलं म्हणून सांगायला कोण येतंय? २०१९ च्या महापुरात शिंगणापूर, बालिंग्याचे पंप पाण्यात गेले तेव्हा मी टँकरवर होतो. तेवढ्यापुरता लोकांनी बोलावून बोलावून चहा पाजला. पूर ओसरला, नळ सुरू झाले, की परत "आज अर्धा तास उशीर का?" २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीची थेट पाईपलाईन आली, तेव्हापासनं तर लोकांना वाटतंय धरणातलं पाणी थेट नळात पडतंय, मधी माणूसच नाही. तक्रार नाही माझी. पण "पाणी सोडलं" एवढंच लिहू काय? पोरगी म्हणाली, इथं विचारा.

गूळवाला:
पगार मिळत होता न्हवं? मग झालं की. हार घालून घ्या, पेढे खावा, घरी जावा. चार ओळी साहेबालाच लिहू दे.

चढावरची:
काका, मी चढावरच्या गल्लीत वाढले. आमच्या नळाला करंगळीएवढी धार, तीही खालच्या गल्लीची पिंपं भरून झाल्यावर. मग एक नवे चावीवाले आले. ते आधी खालच्या भागाचा व्हॉल्व्ह थोडा आवळायचे आणि मग आमचा सोडायचे. आईनं त्यांना रस्त्यात गाठून विचारलं होतं, म्हणून माहीत. धार वाढली ते बरंच झालं, पण खरी सोय झाली ती वेळेची. पावणेसहाला नळातनं हवेचा फुसफुस आवाज आला की मी उठून कळशी लावायची, पिंप भरायचं आणि साडेसहाची केएमटी बस धरायची. बारावीची शिकवणी त्या वेळेच्या भरवशावर लावली होती. नाहीतर आईनं "आधी पाणी, मग शिकवणी" म्हणून घरी बसवलं असतं.

त्या काकांचं नाव आम्हाला अजून माहीत नाही. ते तुम्ही नसालही. पण तुम्ही पाणी सोडल्यावर तुमच्या भागात कोण कोण घराबाहेर पडतं ते आठवा, आणि त्यांच्याबद्दल लिहा.

मॅनेजमेंटचा_मास्तर:
वर्गात मी नेहमी सांगतो ते इथं सांगतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठासाठी फोनवर देणग्या मागणारे लोक होते. कंटाळवाणं काम, समोरचा फोन आपटणार. अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या काही जणांची त्याच पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी पाच मिनिटं गाठ घालून दिली. महिन्याभरानं पाहिलं तर ते फोनवर १४२ टक्के जास्त वेळ बोलत होते आणि देणग्या १७१ टक्के जास्त आणत होते. हा अभ्यास २००७ साली छापून आला. पगार तोच होता हो, गूळवाले.

२०१८ चा आणखी एक आहे, कुमार आणि एप्ली यांचा. त्यांनी लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना वाटलं, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, आनंद बेताचाच होईल. झालं उलटंच. म्हणजे लोकांच्या मनात असतं, पण "उगंच कशाला" म्हणून राहून जातं. तेव्हा काका, घरी बसून आठवत राहू नका. गल्लीत जाऊन कुणालातरी सरळ विचारा.

चावीवाला_कोल्हापूर:
आज दुपारी चावी न घेता गेलो. पहिल्या तीन घरांनी विचारलं, "उद्या पाणी नाही काय?" मला बघितलं की लोकांना तेच सुचतं!

कोपऱ्यावरच्या एका मावशींनी मात्र आत बोलावलं. म्हणाल्या, "आमचे मालक गेले त्या दिवशी तुम्ही दुपारचं पाणी सोडलंतसा. पंचगंगेवरनं माणसं परत आली तर अंघोळीला घरात तांब्याभर नव्हतं." मला ते घर आठवंना. मयत झाली की गल्लीतनं कुणाचातरी फोन येतो, साहेबांना विचारायचं, पंधरा-वीस मिनिटं सोडायचं. आम्ही त्याला कामात धरतच नाही. रजिस्टरला तर नाहीच नाही. त्या मात्र परवा झाल्यासारखं सांगत होत्या, कोण कोण अंघोळीला थांबलं होतं तेसुद्धा.

तीन ओळी झाल्या. एक शिकवणीच्या पोरींची, एक मयतीच्या पाण्याची, एक टँकरची. चौथी माझ्या जागेवर येणाऱ्या पोरासाठी लिहिलीय: चढाचा व्हॉल्व्ह सोडायच्या आधी खालचा तीन आटे आवळ, आणि एकदम उघडू नकोस, पाईपातली हवा जाऊ दे, नाहीतर जोड फुटतोय. ती कार्यक्रमात वाचलेली चालंल काय?

गूळवाला:
चालंल की. पेढे गल्लीत पण वाटा मग.

चढावरची:
चालेल. पण वाचा तुम्हीच, काका. साहेबांना आटे कुठले माहीत असायला.